सादड्याची साल

मुसी नदीच्या काठावर ज्यानं एकवीस वर्षं काढली, त्याला घाणीचं काय नवल? दौलत सोनकांबळे सकाळी ड्यूटीवर यायचा तेव्हा पाण्यावर फेसाचे हातहात उंचीचे ढीग तरंगत असायचे. अख्ख्या हैदराबादनं धुतलेलं, हगलेलं, ओतलेलं सगळं वरून खाली येत होतं. काळं पाणी, त्यात एखादं फुगलेलं कुत्रं, लग्नाच्या हॉलातल्या पत्रावळी, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. नवा होता तेव्हा महिनाभर त्याला डब्यातली भाकर गिळवत नव्हती. पुढं सवय झाली. वास यायचा, पण तो मनावर घ्यायचं त्यानं सोडून दिलं. घाण नदीच्या अंगावर पडलीय, नदी काही मुद्दाम करत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्याला किळस आली ती पुढं, माणसांची. तीही पायात पांढरे बूट घालून फिरायला येणाऱ्या, सुशिक्षित, भल्या माणसांची.

दौलतचा बाप देगलूरकडचा. रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर, लागला आणि काचीगुड्याला येऊन राहिला. दौलत तिथंच जन्मला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला, मग वन खात्यात आधी रोजंदारीवर आणि नंतर कायमचा वॉचर झाला. बायको सखू नारायणगुड्याच्या एका शाळेत आया होती. मुलगी स्वप्ना दिलसुखनगरला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दोघी बोलताना मराठीत उर्दू, उर्दूत तेलुगू मिसळायच्या. दौलतची भाषा मात्र अजून बापाचीच होती.

त्याच्या राखणीला होतं मद्दीबाग. अंबरपेटच्या खालच्या अंगाला नदी मोठं वळण घेते. पुराचं पाणी तिथं पसरायचं, दमायचं आणि गाळ टाकून पुढं जायचं. त्या मळईवर कधीकाळी एक बन उभं राहिलं होतं. करंज, उंबर, जांभूळ, शिंदीची बेटं, पाण्यात पाय सोडून बसलेली वाळुंजं, आणि मधोमध एक्केचाळीस जुने अर्जुनसादडे. सादड्याला तेलुगूत तेल्ल मद्दी म्हणतात, म्हणून ते मद्दीबाग. चारी बाजूंनी शहर चढत आलं तरी हा पट्टा वाचला, तो दर दोन-तीन वर्षांनी पाण्याखाली जायचा म्हणून. पुढं खात्यानं कुंपण घातलं, पायवाट केली, चार बाकडी टाकली आणि सकाळचे दोन तास फाटक लोकांना उघडं ठेवलं.

सादड्यांचे बुंधे असे की दोघांनी कवेत घेतलं तरी हातांना हात लागत नसत. पांढुरके, गुळगुळीत, माणसाच्या दंडासारखे. वरची साल आपसूक पापुद्र्यांनी सुटून खाली पडायची आणि आतून नवी, किंचित गुलाबी साल डोकवायची. पूर ओसरला की फांद्यांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या असत. दौलत बांबूला कोयता बांधून दोन-दोन आठवडे त्या काढत बसे. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बनातलं नेणारे पुष्कळ होते आणि त्यांच्याशी त्याचं काही वाकडं नव्हतं. गवतवाल्या बाया मळईवरचं गवत कापून म्हशींसाठी न्यायच्या. यल्लम्मा नावाची म्हातारी शिंदीचे फड कापून त्यांच्या केरसुण्या बांधायची. ती खालचे फड घ्यायची, वरच्या कोंबाला कधी हात लावायची नाही. वर्षातून एकदा एक वैदू यायचा. तो सादड्याची साल काढायचा, पण एका झाडाची एकाच अंगाची, तळहाताएवढी. काढली की तिथं शेणमाती लिंपायचा आणि त्या झाडाकडं पुन्हा तीन वर्षं फिरकायचा नाही. पुढं तोही यायचा बंद झाला.

मग शशिकांत ओगले आले.

पुण्यात कॉलेजात त्यांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. बायको वारली, पाठोपाठ हृदयात दोन स्टेंट बसले, आणि इथं आयटीत असलेल्या मुलानं, प्रथमेशनं, त्यांना आपल्याकडं आणलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. एका सकाळी दौलत फोनवर सखूशी बोलत होता, ते ऐकून ते थबकले.

"तुम्ही मराठी?"

"हाव साहेब. देगलूरकडले आमी. पण माझा जनम इथला."

"अरे वा! सहा महिने झाले हो, घराबाहेर मराठी बोलायला माणूस भेटला नाही. प्रथमेश सकाळी लॅपटॉपला चिकटतो तो रात्रीच सुटतो. नाव काय तुमचं?"

"दौलत."

"मग दौलतराव, उद्यापासून आपली गाठ पक्की."

उभ्या जन्मात दौलतला कुणी राव म्हटलं नव्हतं. खात्यात तो 'ए दौलत' होता, फिरायला येणाऱ्यांना 'वॉचमन' होता. ओगले रोज त्याच्याशेजारी बाकावर बसायचे, थर्मासमधला चहा झाकणात ओतून द्यायचे, पुण्याच्या गोष्टी सांगायचे. दौलत त्यांना झाडं दाखवायचा. कुठल्या ढोलीत पिंगळा राहतो, कुठल्या उंबरावर कधी हरियाल उतरतात. घरी तो सखूला सांगायचा, "लई मोठा माणूस हाय, पण जरा घमेंड नाई."

एके दिवशी ओगले सादड्याच्या बुंध्यावरून हात फिरवत म्हणाले, "याची साल हृदयाला फार उत्तम. आमच्याकडे काढा करतात. थोडी मिळेल का हो?"

दौलतनं खाली पडलेले पापुद्रे वेचले, झटकले, पेपरात बांधून दिले. त्यात त्याला आनंदच वाटला. महिन्याला एक पुडी तो स्वतः बांधून ठेवू लागला.

दोन-तीन महिन्यांनी ओगले तपासणीचा कागद नाचवतच आले. "हृदयाचं पंपिंग पंचेचाळीसचं बावन्न झालं! दौलतराव, तुमच्या झाडानं जादू केली."

"डॉक्टरच्या गोळ्या पण चालू हायत ना साहेब?"

"गोळ्या आधीही होत्याच की. नवीन काय घेतलं? साल."

ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना प्रयोगाचे निष्कर्ष कसे काढावेत हे शिकवलं, तो असं बोलतोय, हे दौलतला कळायचं कारण नव्हतं. त्याला बरं वाटलं एवढंच. ओगल्यांनी खिशातून फोन काढला. "एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही झाडापाशी उभे राहा. टोपी नीट करा. हं, बोला."

दौलत टोपी सारखी करून उभा राहिला. म्हणाला, "हे झाड लई गुणाचं हाय. काळजाला ताकद देते. पण खाली पडलेली सालच घ्यावी. झाडाला हात लावू नये, झाडाचाबी जीव हाय."

व्हिडिओ फिरला. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कुणीतरी त्याची शेपटी तोडली. लोकांच्या फोनवर पोचला तेव्हा गणवेशातला दौलत झाडाला हात लावून म्हणत होता, "हे झाड लई गुणाचं हाय. काळजाला ताकद देते." संपलं. खाली उर्दूत, तेलुगूत, इंग्रजीत मजकूर चढत गेला. कुणी लिहिलं की पूर्वेकडचीच साल लागू पडते. कुणी लिहिलं, सूर्य उगवायच्या आत काढावी. कुणी लिहिलं, पडलेली साल मेलेली असते, ताजीच हवी.

पंधरा दिवसांत फाटकासमोर गाड्यांची रांग लागली.

पहिला घाव दिसला तेव्हा दौलतला वाटलं, सायाळ असेल. मग स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे दिसले. मग किल्लीचे, चमच्याचे, नारळ सोलायच्या सळईचे. जवळ जाऊन बघावं तर गुलाबी ओलं मांस उघडं पडल्यासारखं, त्यातून रस पाझरतोय आणि त्यावर निळ्या माश्या घोंगावतायत. एक बाई रोज झाडाला हळदकुंकू वाहायची, अगरबत्ती लावायची, डोळे मिटून नमस्कार करायची आणि मग पदराआडून सुरी काढायची. एक लठ्ठ गृहस्थ साल तिथंच तोंडात टाकून चघळायचे आणि लाल थुंकी त्याच बुंध्यावर टाकायचे. एकानं आपल्या चार वर्षांच्या नातीच्या हातात चमचा देऊन तिला उचलून धरलं होतं. "दादू के वास्ते निकालो बेटा, शाबास!" आजूबाजूचे कौतुकानं हसत होते.

दौलत धावत जायचा. "साब, नक्को! झाड मर जाता!"

"थोडा सा ही लिया भई."

प्रत्येकजण हेच म्हणायचा. कुणी ओशाळून म्हणायचा, कुणी गुरकावून. कुणाची आई आयसीयूत होती, कुणाचा भाऊ. खोटं कुणीच बोलत नव्हतं आणि त्यामुळंच दौलतला त्यांच्यावर धड ओरडता येईना. एकाला अडवावं तर पलीकडच्या झाडाशी तिघं. तिसऱ्या महिन्यात फाटकाजवळच्या सादड्याभोवती सालीचा पट्टा कमरेच्या उंचीला चहूबाजूंनी निघालेला त्यानं पाहिला. वर हिरवी पानं सळसळत होती. त्यांना अजून ठाऊक नव्हतं. झाडाचं खाणं त्या सालीतूनच मुळांकडं उतरतं. तो रस्ताच कापला गेला होता. कुणा एकानं ते झाड मारलं नव्हतं. दोनशे जणांनी थोडीथोडी घेतली होती.

त्यानं ऑफिसला कागद दिला. रेंजर मॅडम तेलुगू, कामाच्या ओझ्यानं कायम वैतागलेल्या. "मेरा रेंज कितना बडा है मालूम ना तेरे कू? इकतालीस झाडां के वास्ते मैं पुलिस बुलाऊं?" त्यांनी एक पाटी पाठवली, 'झाडांना इजा करू नये.' दुसऱ्या दिवसापासून लोक सालीच्या पिशव्या त्या पाटीच्या खिळ्याला अडकवू लागले.

मग तो ओगल्यांकडं गेला. "साहेब, तुमी सांगा न्‌ लोकाइला. तुमचं ऐकतेत."

"बरोबर आहे तुमचं. आजच आमच्या हृदयमित्र ग्रुपवर टाकतो."

त्यांनी खरंच टाकलं. 'सर्व हृदयमित्रांना नम्र विनंती : प्रत्येकाने मूठभरच घ्यावी.'

घरी भाकर खाताना दौलत मध्येच थांबायचा. सखू विचारायची, "काय झालंय? नदीत काय मेलंय का आज?"

"नदीचं काई नाई गं. नदी बरी."

एका संध्याकाळी स्वप्ना लॅबमधून आली ती पर्समधून एक पुडी काढतच. "पप्पा, ये देखो. आमच्या लॅबमधल्या मॅडमला कुणीतरी फुकट दिली. हे तुम्हीच हाव ना?"

छान जाड कागदाची पुडी. वर हृदयाचं चित्र, ओगल्यांच्या हृदयमित्र मंडळाचं नाव, आणि गोलात दौलतचा टोपीतला फोटो. खाली इंग्रजीत काहीतरी. स्वप्नानं अर्थ सांगितला, "वनरक्षक दौलतराव यांच्या देखरेखीखाली काढलेली ताजी, शुद्ध साल."

सखू कौतुकानं म्हणाली, "फोटू तर नवरदेवावाणी आलाय."

दौलतनं पुडी उघडली. आत पापुद्रे नव्हते. बोटभर जाडीच्या पट्ट्या होत्या, बाहेरून पांढऱ्या, आतून लालसर, अजून ओलसर. एक पट्टी त्यानं हातात घेतली आणि लगेच खाली टाकली. सोललेल्या कातडीचा तुकडा हातात यावा तसं झालं त्याला. तो मोरीत गेला आणि हात धुवू लागला. साबण लावला, धुतला, परत लावला.

"काय करायलाव?" सखू दारात येऊन उभी राहिली.

"सखू, पयली पुडी मीच बांधली व्हती."

"तवा पडलेली दिली व्हती ना?"

"दिली ना पण. राव म्हणला म्हणून दिली."

सखूनं नळ बंद केला, हातात टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी तो पाऊण तास आधी बनात पोचला. फाटकाला कुलूप होतं, पण कुंपणाची तार एके ठिकाणी उचकटलेली होती. तो तिथूनच आत शिरला. आत, नदीकडच्या रांगेत, ओगले एका सादड्यापुढं उकिडवे बसले होते. हातात भाजी चिरायची सुरी, शेजारी स्वच्छ पांढरं फडकं पसरलेलं. पट्टी लावून कापावा तसा एक चौकोन त्यांनी सालीवर आखला होता आणि तो ते अलगद सोलत होते.

"कोण? दौलतराव होय!" ते जरा दचकले, मग हसले. "दचकवलंत मला. हे बघा, मी शास्त्रशुद्ध काढतो. ते अडाणी लोक कसे ओरबाडतात, तसं नाही."

"साहेब, चार झाडं मरायलीत."

"चार?"

"फाटकाजवळचं, उंबराच्या बाजूचं, अन् ते दोन. पाचव्याचंबी खरं नाई."

ओगल्यांनी सुरी फडक्याला पुसली. "वाईट वाटतं हो. पण असा विचार करा, माणसाचा जीव मोठा की झाडाचा? रोज मला फोन येतात, लोक रडतात अक्षरशः. यात माझा एक पैशाचा स्वार्थ नाही. आणि झाडं काय, खातं नवीन लावेल." त्यांनी सोललेला चौकोन फडक्यात गुंडाळला, त्यातला एक तुकडा पुढं केला. "हे वहिनींना न्या. या वयात बायकांनीही घ्यायला हवी."

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती. हातावर रस लागला होता, तांबूस, आणि तो बोटं एकमेकांवर चोळत उभा होता. दौलतला किळस आली. एकवीस वर्षांत त्या नदीनं जे केलं नव्हतं ते त्या बोटांनी केलं.

आपल्या शेडमधून त्यानं घमेलं घेतलं आणि काठ उतरून खाली गेला.

पाण्याच्या कडेला शहराचा गाळ साचतो. काळा, तेलकट, वर बुडबुडे येत असलेला. दौलत पोटरीभर आत शिरला, फावडं नव्हतं म्हणून हातांनीच घमेलं भरलं, खांद्यावर घेऊन वर आला. मानेवरून, कानामागून ओघळ आले. वास असा की झाडावरचे कावळे उठले. ओगल्यांनी कापलेल्या त्याच सादड्यापाशी त्यानं घमेलं ठेवलं आणि दोन्ही ओंजळींनी गाळ बुंध्याला थापू लागला. जखमेच्या भोवताली, वर, खाली, डोक्याच्या उंचीपर्यंत. त्या काळ्या लगद्यात काय काय होतं ते त्याच्या बोटांना कळत होतं. केसांचे गुंतवळे, काचा, मऊ काहीतरी जे काय आहे ते त्यानं बघितलं नाही.

"अहो, हे काय करताय? शी! शी!" ओगले चार पावलं मागं सरले, नाकाला रुमाल लावला. "वेड लागलंय का तुम्हाला? लोक औषध म्हणून घेतात ते!"

दौलत वळला. कोपरापर्यंत काळे झालेले हात त्यानं पुढं केले.

"घ्या की साहेब. खाली साल तशीच हाय. माणसाचा जीव मोठा हाय, तर घाला हात."

ओगले हातांकडं बघत राहिले. मग फडकं छातीशी धरून, उचकटलेल्या तारेकडं न जाता, फाटकाच्या दिशेनं चालू लागले. फाटकाला कुलूप होतं. दौलतला जाऊन ते उघडावं लागलं. कुलपाला लागलेला गाळ चुकवून, अंग चोरून ते बाहेर पडले. "मी तुम्हाला माणूस समजत होतो," असं काहीसं म्हणाले. दौलतनं कुलूप पुन्हा लावलं.

उरलेली झाडं लिंपून व्हायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी घरी गेला तेव्हा सखूनं त्याला जिन्यातच अडवलं. "थांबा! उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाई." गल्लीतल्या नळावर बसवून तिनं त्याच्यावर बादल्या ओतल्या, काथ्यानं पाठ घासली. शेजारपाजारचे बघत होते. घासता घासता ती म्हणाली, "उद्या हातमोजे तर घ्या." म्हणजे उद्याही जायचं, हे तिनं धरूनच चाललं होतं. दौलतला त्या क्षणी ती फार आवडली.

हातमोजे दुपारपर्यंत फाटले. यल्लम्मा बांधावरून बघत होती. हसून हसून तिला ठसका लागला. मग तिनं शिंदीचा एक दांडगा कुंचा बांधून दिला, लांब दांड्याचा. "हात से नक्को रे दौलत, इस से मार." वैदूची शेणमातीची गोष्ट आठवून, जिथं जखम उघडी होती तिथं दौलतनं आधी शेणमाती लिंपली, वरून गाळ.

सकाळी लोक आले आणि फाटकातच अडखळले. बायकांनी पदर नाकाला लावले. लठ्ठ गृहस्थ दोन पावलं आत आले, बुंध्याला बोट लावून ते नाकाशी नेलं आणि कोपऱ्यात जाऊन ओकले. हळदकुंकवाची बाई म्हणाली, "देवाच्या झाडाला असा बाट लावला, याचं वाटोळं होईल." आधी तिच्या सुरीनं बाट लागला नव्हता काय, असं दौलतच्या ओठांवर आलं होतं, पण तो कुंचा चालवत राहिला. आठवड्यात गाड्यांची रांग आटली. अधूनमधून कुणी फोन बघत यायचा. फोनमध्ये टोपीतला स्वच्छ माणूस, समोर गाळानं माखलेला हा. विचारायचा, "यहां वो दौलतराव कौन है?" दौलत सांगायचा, "गया वो. बदली हो गई उसकी."

तक्रार गेलीच. सत्तर सह्या, खाली पहिली सही शशिकांत ओगले. मॅडम स्वतः बघायला आल्या, ओढणी नाकाला लावून दोन रांगा फिरल्या. कमरेला पट्टा निघालेल्या झाडांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ये तूने करा?"

"गाळ मैंने लगाया मॅडम. बाकी उनो करे."

त्यांनी त्याला लेखी ताकीद दिली. देणं भाग होतं. आणि वरच्या साहेबाला पाठवायच्या अहवालात लिहिलं, 'बुंध्यांवर संरक्षक लेप देण्यात आला आहे.' पुढच्या महिन्यात वरून शाबासकीचं पत्र आलं, मॅडमच्या नावानं. त्यांनी ते दौलतला दाखवलं आणि दोघंही थोडं हसले. पण हसू ओसरल्यावर दौलतला तोंडात कडू चव आली. खरं लिहिलं असतं तर तो नोकरीतून गेला असता, आणि खोटं लिहिलं म्हणून झाडं वाचत होती.

उन्हाळ्यात पाचही झाडं वाळली. ती तोडावी लागली, कारण फांद्या पायवाटेवर कोसळत होत्या. बातमी कशी फुटली कोण जाणे. ओंडके आडवे झाले त्या दुपारी शंभरेक माणसं जमली. मेलेल्या झाडाची साल घ्यायला आता काही हरकत नव्हती. मॅडमनी परवानगी दिली. लोकांनी शिस्तीत रांग लावली, म्हाताऱ्यांना पुढं सोडलं, एकमेकांना सुऱ्या दिल्या. दोन तासांत पाचही ओंडके नागडे, पांढरेफटक. जाताना एक बाई हात जोडून दौलतला म्हणाली, "भाई, बहुत पुण्य का काम करते तुम लोग." दौलत शेडमध्ये गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

त्यानंतर बरेच दिवस तो चमच्यानं जेवत होता. हात कितीही धुतला तरी घासाबरोबर तोंडाशी नेववत नव्हता.

छत्तीस झाडं उरली. दर पंधरवड्याला नवा लेप. पावसाळा संपता संपता जखमांच्या कडा आत वळू लागल्या, नवी साल येऊ लागली. ओगले पुन्हा कधी आले नाहीत. दौलतला वाटलं, म्हातारा शरमला असेल.

एका रविवारी स्वप्नानं फोन पुढं केला. "पप्पा, हे बघा." नवा व्हिडिओ. शहराच्या पश्चिमेला, कुठल्याशा तळ्याकाठचं बन. तसेच पांढरे बुंधे. झाडाला हात लावून गणवेशातला एक दुसरा वॉचर उभा, टोपी नीट केलेली. मागून ओगल्यांचा गोड आवाज, नावाला तेलुगूतला राव जोडून, "बोलिए मल्लेशगारू, कॅमेरे की तरफ देखिए."

दौलतनं व्हिडिओ पुरता बघितला नाही. खात्यातल्या ओळखीतून नंबर काढला आणि फोन लावला. आपण कोण ते सांगितलं. पलीकडं आवाज तरुण होता, खुशीत होता.

"हां हां, सर ने आपका नाम लिया था," मल्लेश म्हणाला. "बहुत अच्छे आदमी है सर. मेरे कू गारू बोलते. आज तक किसी ने नै बोला."

"छाल कित्ता दिया तू?"

"वैसेच नीचे गिरी हुई दिया, भाई. थोडी सी."

दौलतनं डोळे मिटले. "तुम्हारे तालाब का पानी कैसा है?"

"एकदम साफ. मीठा पानी. नीचे का पत्थर दिखता."

म्हणजे तिथं बुंध्यांना थापायला गाळसुद्धा नव्हता. सखू समोर तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली. पलीकडून मल्लेश हॅलो, हॅलो करत होता.

"गोबर मिलता ना उदर?" शेवटी दौलत म्हणाला. "मिलता तो आजच जमा करना शुरू कर. और टाइम है क्या तेरे कू? बैठ जरा. पहले से बताता."